अ‍ॅमस्टरडॅममध्ये आठ तास मिळाले तर

दोन विमानांमधल्या आठ तासांच्या थांब्यातून शहरासाठी प्रत्यक्षात सव्वादोन तास हाती येतात. हे आधीच मान्य केलं तर ते सव्वादोन तास फार सुंदर जातात. नाही केलं, तर म्युझियम, बोट, बाजार अशी यादी घेऊन धावाधाव होते आणि शेवटी ट्रेनमध्ये बसून घड्याळाकडे बघणं एवढंच लक्षात राहतं.

हिशोब नेहमी पुढच्या विमानापासून उलटा करायचा. समजा, मुंबईचं विमान सकाळी साडेसहाला स्खिपोलला, म्हणजे इथल्या विमानतळावर, उतरलं आणि अमेरिकेचं विमान दुपारी अडीचला आहे. बोर्डिंग दीडच्या सुमारास सुरू होईल. त्याआधी सुरक्षा तपासणी, पासपोर्ट आणि गेटपर्यंतची लांबलचक चाल, म्हणून साडेअकराला विमानतळावर परत यायचं. त्यासाठी शहरातून पावणेअकरा ते अकराच्या दरम्यान निघावं लागतं. आता दुसऱ्या टोकाकडून बघा. विमानातून बाहेर पडायला ६:५० होतात, पासपोर्टच्या रांगेत तास गेला तर ७:५०. बॅग लॉकरमध्ये टाकून, तोंड धुऊन ट्रेनमध्ये बसेपर्यंत ८:२०. शहराच्या मुख्य स्टेशनवर, म्हणजे अ‍ॅमस्टरडॅम सेंट्रालला, ८:४०. उरले सव्वादोन तास.

यावरून नियम सोपा आहे. सहा तासांपेक्षा कमी थांबा असेल तर विमानतळ सोडू नका. आठ तासांत एक चांगली पायी फेरी होते. दहा-बारा तास असतील तर तिला एक म्युझियम जोडता येतं. आणि पासपोर्टच्या रांगेतून बाहेर पडायलाच साडेआठ वाजले, तर बेत तिथेच सोडून द्यावा.

व्हिसा: इथेच बहुतेकांचं गणित चुकतं

भारतीय पासपोर्टवर शहरात पाऊल टाकायचं तर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांचा सामायिक व्हिसा, लागतो. पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असला किंवा खिशात ग्रीन कार्ड असलं तरी लागतो. ‘थोडा वेळच बाहेर जायचंय’ हे कारण पासपोर्टच्या खिडकीवर चालत नाही. अमेरिकन, ब्रिटिश, कॅनेडियन पासपोर्ट असलेल्यांना या छोट्या मुक्कामासाठी व्हिसाची गरज नाही. त्यामुळे एकाच कुटुंबात मुलं बाहेर जाऊ शकतात आणि आजी-आजोबा नाही, असंही होतं. तिकीट काढतानाच प्रत्येकाचा पासपोर्ट डोळ्यासमोर ठेवा.

व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, त्याहून लहानांना शून्य. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. सोबत किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा. आमचं स्पष्ट मत: फक्त आठ तासांसाठी चौघांच्या कुटुंबाने हा खर्च आणि खटाटोप करू नये. आधीचा व्हिसा चालू असेल, किंवा थांबा पूर्ण दिवसाचा असेल, तर मात्र जरूर जावं.

जुना व्हिसा असेल तर स्टिकरवर किती वेळा प्रवेश आहे ते पाहा. तिथे ०१ असेल आणि तो प्रवेश वापरून झाला असेल, तर तारीख शिल्लक असूनही तो निरुपयोगी. जाताना आणि येताना दोन्ही वेळा शहरात जायचं असेल तर दोन प्रवेश मोजले जातात.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर नवी नोंदणी पद्धत सुरू झाली आहे. पहिल्या खेपेला चेहऱ्याचा फोटो घेतात. ज्यांना व्हिसा लागत नाही त्यांचे बोटांचे ठसेही घेतात. रांगेसाठी वर धरलेला तास त्यामुळेच.

मुंबईतून निघण्याआधी

दोन्ही विमानांचे बोर्डिंग पास मुंबईतच घ्या आणि बॅगेच्या टॅगवर शेवटचं शहर छापलंय ना, ते वाचा. दोन प्रवास वेगवेगळ्या तिकिटांवर असतील तर बॅगा अ‍ॅमस्टरडॅमला घेऊन पुन्हा द्याव्या लागू शकतात. तसं असेल तर शहराचा विचार सोडा.

बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डाचे दोन स्विच चालू करा: परदेशातले व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नव्या कार्डांवर हे दोन्ही बंदच असतात. कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्डचं हवं आणि माणशी एक वेगळं हवं, कारण एका कार्डावर दोघांना ट्रेनचा प्रवास करता येत नाही. रोख युरोंवर विसंबू नका. कित्येक दुकानांच्या दारावर ‘पिन ओन्ली’ अशी पाटी असते, म्हणजे फक्त कार्ड.

हातातल्या पिशवीतला खाऊ तपासा. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप, चक्का हे सगळं त्यात आलं. ताज्या फळांनाही प्रमाणपत्र लागतं. केळी, नारळ, अननस, खजूर अशी मोजकी फळं सोडली तर हापूसची पेटी घेऊन कस्टम्समधून बाहेर पडता येत नाही. चिवडा आणि चकली खुशाल न्या.

कपड्यांत एकच गोष्ट महत्त्वाची: टोपी असलेलं विंडचीटर. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यापुढे छत्री उलटी होते. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या आसपास उगवतो, जूनमध्ये सव्वापाचच्या सुमारास. त्यामुळे हिवाळ्यात वरच्या वेळापत्रकाची सुरुवात अंधारात होईल. घड्याळ उन्हाळ्यात भारताच्या साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार तास मागे.

विमानतळ ते शहर

चाकांची बॅग शहरात नेऊ नका. विटांच्या रस्त्यांवर ती अडखळते आणि कालव्यांवरच्या पुलांच्या चढावर हात दुखायला लागतात. स्खिपोलमध्ये अरायव्हल्स १ आणि २ यांच्या मध्ये, तळघरात लॉकर आहेत. पैसे कार्डाने भरायचे. पासपोर्ट आणि औषधं मात्र अंगावर ठेवा.

ट्रेनचं स्टेशन टर्मिनलच्या खालीच आहे. वरच्या मोकळ्या चौकातून जिन्याने थेट फलाटावर उतरता येतं. तिथे गेट नाहीत, फक्त कार्ड लावायचे खांब आहेत. खाली उतरण्याआधी एनएसच्या, म्हणजे डच रेल्वेच्या, खांबावर कार्ड लावा आणि ‘टुंग’ आवाज येईपर्यंत थांबा. सेंट्रालला पोहोचल्यावर गेटवर तेच कार्ड पुन्हा लावायचं. भाडं पाच-सहा युरोंच्या घरात, वेळ सुमारे पंधरा-सतरा मिनिटं. डब्यावर मोठा १ लिहिलेला असेल तर तो पहिला वर्ग, त्यात बसू नका. याच मार्गावर पिशव्या चोरणारे फिरतात. दार बंद व्हायच्या क्षणी पिशवी ओढून खाली उतरणं ही त्यांची ठरलेली पद्धत आहे, तेव्हा पिशवी मांडीवर घ्या.

‘आत जाताना कार्ड, बाहेर पडताना कार्ड’ यातली दुसरी पायरी परतीच्या वेळी हमखास विसरली जाते, कारण स्खिपोलला अडवणारं गेटच नाही. विसरलात तर २० युरो कापले जातात.

पायी फेरी: सेंट्राल ते रोकिन

स्टेशनातून बाहेर पडणारी गर्दी सरळ दामराक रस्त्याने दाम चौकाकडे जाते. दोन्ही बाजूंना आठवणवस्तूंची दुकानं आणि महाग खाणं. तिकडे जाऊ नका.

त्याऐवजी स्टेशनच्या पश्चिम टोकाला कौपर्सपासाझ नावाचा बोगदा आहे, पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी. एका भिंतीवर जवळजवळ ऐंशी हजार टाइल्स बसवल्या आहेत. शहराच्या बाजूला निळ्या रंगात शिडाची जहाजं आणि हेरिंग मासे पकडणाऱ्या बोटी उसळत्या लाटांवर दिसतात. पाण्याकडे चालत गेलं की निळा हळूहळू फिका होत विरून जातो. बोगद्याचं नाव पिएर कौपर्स या वास्तुकाराचं. १८८९चं हे स्टेशन त्याचं आणि १८८५चं राइक्सम्युझियमही त्याचंच. बोगद्याच्या पलीकडे आय जलाशयाच्या फेरी बोटी सुटतात. त्या फुकट आहेत. हातात वेळ जास्त असेल तर पाचेक मिनिटांत पलीकडे जाऊन लगेच परत या, पाण्यावरून शहर दिसतं.

मग हार्लेमरस्ट्राट गल्लीने पश्चिमेकडे चाला आणि डावीकडे ब्राउवर्सख्राख्तला लागा. ‘ख्राख्त’ म्हणजे कालवा. घाई न करता इथे सावकाश चला, कारण सकाळी नऊच्या आत हा भाग अजून फक्त तिथल्या रहिवाशांचा असतो. सतराव्या शतकात आखलेलं हे कालव्यांचं वर्तुळ २०१० पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे.

घरांकडे बघताना मान वर करा. बहुतेक घरांच्या माथ्यावर एक तुळई पुढे आलेली आहे आणि तिला हुक आहे. घरं अरुंद, जिने उभे. त्यामुळे माल दोराने वर ओढून खिडकीतून आत घ्यायचे आणि आजही कपाट-सोफे तसेच चढतात. घराच्या कडेला उभं राहून पाहिलं तर पुढची भिंत किंचित रस्त्याकडे झुकलेली दिसेल. खचल्यामुळे झुकलेली घरं वेगळी. ही मुद्दाम झुकवून बांधलेली आहेत, वर जाणारं ओझं भिंतीवर आदळू नये म्हणून. दारावर कुठे कुठे कोरलेली दगडी पाटी सापडते: कुठे जहाज, कुठे मासा. घरांना नंबर येण्याआधी पत्ता असाच सांगायचे.

ब्राउवर्सख्राख्त जिथे प्रिन्सेनख्राख्तला मिळतो त्या पुलावर थोडं थांबा, मग प्रिन्सेनख्राख्तच्या काठाने दक्षिणेकडे. वाटेत नोर्डरमार्क्टचा चौक लागतो: शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार, सोमवारी सकाळी जुन्या वस्तूंचा. कोपऱ्यावर विंकल ४३ नावाचं कॅफे आहे, तिथली सफरचंदाची अपेलतार्त खा. जाड कापाची, दालचिनीची, वर फेटलेली साय. कॉफी प्यायची तर ‘कॅफे’ शोधा. ‘कॉफीशॉप’ अशी पाटी असेल तिथे गांजा विकला जातो आणि तिथल्या केकमध्येही तो असू शकतो. तो खाऊन किंवा खिशात ठेवून अमेरिकेच्या विमानाकडे जाणं हा फार मोठा घोळ आहे.

मांस किंवा गोमांस न खाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: बिटरबालन आणि क्रोकेट बाहेरून अगदी बटाटेवड्यासारखे तळलेले, कुरकुरीत दिसतात, पण आत सहसा गोमांसाचं सारण असतं. शाकाहारी पदार्थावर ‘vegetarisch’ (वेखेटारिस) असा शब्द शोधा. स्ट्रूपवाफल आणि मेयोनेजसोबतचे बटाट्याचे चिप्स सर्रास मिळतात. मेयोनेजमध्ये अंडं असतं.

पुढे वेस्टरकेर्क चर्चचा उंच मनोरा येतो. चित्रकार रेम्ब्रांटला १६६९ साली याच चर्चमध्ये पुरलं. त्याच्या शेजारी, प्रिन्सेनख्राख्त २६३ ला, अ‍ॅन फ्रँकचं कुटुंब जुलै १९४२ ते ऑगस्ट १९४४ लपून राहिलं. आत जायचं तिकीट फक्त ऑनलाइन मिळतं, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांचं. आठ तासांच्या थांब्यात ते काढू नका. विमान उशिरा आलं की तिकीट वाया जातं, आणि ती जागा घाईने बघायची नाहीच.

तिथून नऊ गल्ल्यांचा नेखन स्ट्राच्येस भाग ओलांडत स्पौ चौकाकडे या. जवळच बेखाइनहोफ आहे: दारातून आत शिरलं की शहराचा आवाज एकदम बंद होतो. मध्ये हिरवळ, भोवती घरं, आणि ३४ नंबरचं सोळाव्या शतकातलं लाकडी घर. तिथे आजही स्त्रिया राहतात, म्हणून कुजबुजत बोला आणि खिडक्यांचे फोटो काढू नका.

रस्त्यात एकच खरा धोका आहे, सायकलींचा. लालसर डांबराचा पट्टा त्यांचा. फोटोसाठी मागे सरकताना लोक नेमके त्यावर जातात. वाहतूक उजवीकडून चालते, म्हणून आधी डावीकडे बघा, पण सायकल दोन्हीकडून येऊ शकते.

परत

आलो त्याच वाटेने सेंट्रालला जायची गरज नाही. स्पौपासून पाच मिनिटांवर रोकिन मेट्रो स्टेशन आहे, ५२ नंबरची लाइन. इथले सरकते जिने घाई असली तरी सावकाश उतरा. दोन जिन्यांच्या मधल्या काचेत सुमारे साडेनऊ हजार वस्तू मांडल्या आहेत. मेट्रो खणताना आम्स्टेल नदीच्या तळातून त्या निघाल्या: किल्ल्या, नाणी, चमचे, तंबाखूच्या मातीच्या नळ्या, अगदी मोबाइल फोनसुद्धा. शतकानुशतकं लोकांच्या हातून पाण्यात पडलेलं सगळं.

५२ ची मेट्रो सात-आठ मिनिटांत अ‍ॅमस्टरडॅम झौदला नेते. तिथे मेट्रोतून कार्ड लावून बाहेर पडा, एनएसच्या रीडरवर पुन्हा लावून आत जा, आणि स्खिपोलची पहिली ट्रेन पकडा. सात-आठ मिनिटांत विमानतळ. झौद स्टेशनवर बांधकाम बरेच दिवस चालू आहे, म्हणून निघण्याआधी एनएसच्या अ‍ॅपवर गाड्या तपासा. बंद असेल तर सेंट्रालने जा आणि वीस मिनिटं जास्त धरा.

दहा-बारा तास असतील तर क्रम उलटा करा: विमानतळावरून ३९७ नंबरच्या बसने राइक्सम्युझियम, ठरलेल्या वेळेचं तिकीट सकाळी नऊचं न काढता साडेदहाचं. आत गेल्यावर थेट दुसऱ्या मजल्यावर, रेम्ब्रांटच्या १६४२ च्या ‘नाइट वॉच’कडे. बाकी दालनं वेळ उरला तर.

स्खिपोलला उतरल्यावर सगळ्यात आधी खांबावर कार्ड लावा. मग लॉकरमधली बॅग, मग सुरक्षा तपासणी, आणि त्यानंतर पासपोर्ट. रांग दोनदा आहे हे लोक विसरतात. पहिली संपली की दुकानांत रमतात आणि दुसरी भरत जाते. पासपोर्ट पार करूनच खरेदी करा. अमेरिकेच्या विमानांना गेटपाशी आणखी प्रश्न विचारले जातात: बॅग कोणी भरली, वाटेत कोणाकडे दिली होती का. तिथे विमान सुटण्याच्या तासभर आधी पोहोचा. रिकामी बाटली जवळ असेल तर ती आत गेल्यावर नळावर भरून घ्या.