भुइँचालो (भूकंप) आला तर: नेपाळच्या शाळांत स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्यांसाठी

२५ एप्रिल २०१५ ला नेपाळात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तो दिवस शनिवारचा होता. दुपारचे बारा वाजायला चार मिनिटं कमी होती. तिथे आठवड्याची सुट्टी शनिवारी असते, रविवारी शाळा भरते. सुमारे ९ हजार माणसं गेली. सुमारे २५ हजार वर्गखोल्या पार कोसळल्या आणि त्या दिवशी शाळांना सुट्टी होती. सिंधुपाल्चोक जिल्ह्यातल्या शाळेत मी पोचले, तेव्हा हेडसरांनी पहिल्याच चहाला हे सांगितलं. "आदल्या दिवशी झाला असता तर..." एवढं बोलून ते गप्प झाले.

मी लातूर जिल्ह्यातली. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मी पाहिलेली नाही, माझा जन्म नंतरचा. पण आमच्या घरात कुठलीही गोष्ट 'भूकंपाच्या आधीची' नाहीतर 'नंतरची' असते. गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती आणि दगड-मातीच्या भिंतींसकट माळवदं अंगावर आली. सिव्हिलचा डिप्लोमा करून दोन वर्षं साइटवर काढल्यावर, २०१८ च्या नोव्हेंबरात शाळेत भूकंपाचा सराव शिकवायला मी तीन महिन्यांसाठी नेपाळात गेले. तिथली पडकी घरं पाहिली आणि ओळखीची वाटली. तसाच दगड, तशीच माती, भिंतीच्या दोन थरांना बांधणारा आरपार दगड कुठेच नाही.

जायचं ठरवताना आधी संस्था नीट पारखा. ज्या संस्थेकडे मी सुरुवातीला चौकशी केली, तिने मोठी रक्कम मागितली आणि 'सकाळी शाळा, संध्याकाळी अनाथाश्रम' असा कार्यक्रम पाठवला. मी नकार दिला. नेपाळात आई-वडील हयात असलेली मुलंही अशा आश्रमांत आणून ठेवल्याची प्रकरणं झाली आहेत, आणि परदेशी स्वयंसेवकांचा पैसा हे त्यामागचं एक कारण आहे. संस्थेला सरळ विचारा: शाळेने हे काम मागितलंय का? गाउँपालिकेच्या (तिथल्या स्थानिक सरकारच्या) शिक्षा शाखेला कळवलंय का? नव्या संघीय रचनेत शाळांचा कारभार गाउँपालिकेकडे आहे, तिथल्या होकाराशिवाय वर्गात पाऊल टाकू नये. ('शिक्षा' म्हणजे तिकडे शिक्षण. आपल्या कानाला आधी दचकायला होतं.) मी गेले ती छोटी स्थानिक संस्था होती. प्रवास माझा, राहणं एका शिक्षिकेच्या घरी, जेवणाचे पैसे मी त्यांच्या हातात देत असे.

भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. विमानाने जायचं तर नुसत्या आधार कार्डावर भिस्त ठेवू नका. मी रेल्वेने गोरखपूर, तिथून सुनौलीची सीमा आणि पुढे बसने काठमांडू अशी गेले. पावसाळ्यात जाऊ नका, दरडींनी रस्ते बंद पडतात. आपल्याकडे माळीण ३० जुलै २०१४ ला गाडलं गेलं, आणि तीनच दिवसांनी, २ ऑगस्टला, याच सिंधुपाल्चोकमध्ये जुरे इथे डोंगर खचून सुनकोशी नदी अडली. दोन्हीकडे दीडशेच्या वर माणसं गेली. तिकडच्या शिक्षकांना माळीण माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर त्यांनी आमच्याकडच्या पावसाबद्दल बराच वेळ विचारलं, आणि त्या दिवसापासून मी त्यांना परकी राहिले नाही.

आता कामाचं. माझी सगळ्यात मोठी चूक पहिल्याच आठवड्यात झाली. तिथे मुलांना 'गुडुल्किने, ओत लाग्ने, समात्ने' शिकवतात, म्हणजे खाली बसून अंग गोळा करायचं, बाकाखाली आसरा घ्यायचा, बाकाचा पाय घट्ट धरायचा. मी सगळ्या वर्गांना तेच शिकवत सुटले. गाउँपालिकेचा तरुण इंजिनियर आला आणि पहिली-दुसरीच्या खोलीसमोर थांबला. ती जुनी खोली दगड-मातीची होती, भेगा नुसत्या लिंपलेल्या. तो म्हणाला, "दिदी, ही भिंत पडली तर बाक काय करणार?" पिलर-बीमच्या नव्या इमारतीत बाकाखाली जाणं बरोबर. पण एकमजली कच्च्या खोलीत, दार जवळ आणि बाहेर मोकळं असेल, तर चटकन बाहेर पडणंच बरं. कुठल्या खोलीत काय करायचं हे इमारत पाहिल्यावर ठरतं आणि ते स्थानिक जाणकाराने ठरवायचं. त्याच आठवड्यात तो वर्ग बांबू आणि पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये हलवला. तिथेही पत्रे वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर दगड ठेवलेले. ते उतरवून पत्रे हुकांनी आवळले, तेव्हा कुठे मला झोप लागली.

म्हणून पहिले आठ दिवस काही शिकवू नका, फिरून बघा. दार आत उघडतं की बाहेर? कपाट भिंतीला बांधलंय का? मुलं जमायची जागा डोंगराच्या कड्याखाली तर नाही? आमच्या शाळेचं मैदान तसंच होतं, म्हणून आम्ही खालच्या बाजूची, कापणी झालेली शेताची पायरी ठरवली. मालकाला विचारायला हेडसर स्वतः गेले. विजेच्या घंटेवर विसंबू नका, भूकंपात वीज आधी जाते. टांगलेल्या लोखंडी तुकड्यावरचे ठोकेच कामाचे. आणि लहान मुलं घरी तामाङ बोलत होती. माझी हिंदी किंवा मोडकी नेपाळी त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. आठवीच्या मुलींनी सूचना तामाङमध्ये सांगितल्या आणि दोन दिवसांत जमलं.

काठमांडू खोऱ्यात २०१५ च्या आधी मजबुतीकरण केलेल्या शंभराहून अधिक शाळा त्या भूकंपात उभ्या राहिल्या. हे काम नव्वदच्या दशकात एनसेट या नेपाळी संस्थेने सुरू केलं आणि ते करताना गावातले गवंडी शिकवले. काठमांडूत तीन दिवस काढून अशी एखादी शाळा आधी बघून घ्या. भिंतीला बांधलेले पट्टे डोळ्यांनी पाहिले की पुस्तकातलं सगळं उलगडतं.

नेपाळी पंचांगातला माघ २ (जानेवारीच्या मध्याला येतो) हा तिथे भूकंप सुरक्षा दिवस. १९३४ चा मोठा भूकंप त्या तारखेला झाला होता. त्या दिवशी आम्ही पूर्ण सराव घेतला. मुलं शेतात नीट जमली, हजेरी घेतली, तर एक मुलगा कमी. तो शौचालयात होता, कडी लावून. हजेरी वर्गशिक्षकांनीच घेतली म्हणून ते कळलं. मी मोजलं असतं तर मला पत्ताही लागला नसता. संध्याकाळी शिक्षकांनी जबाबदाऱ्यांच्या यादीत 'शौचालय बघणे' ही ओळ वाढवली आणि पुढे शिपाई दाइंचं ('दाइ' म्हणजे दादा) नाव लिहिलं.

यादी हेडसरांच्या खोलीत लावून मी परतले. तिकडे शाळेचं नवं वर्ष वैशाखात सुरू होतं. एप्रिलच्या शेवटी ज्या शिक्षिकेकडे मी राहिले होते, त्यांनी नव्या यादीचा फोटो पाठवला. वर्ग बदलले होते, नावं बदलली होती. शौचालयाच्या ओळीपुढे आता दोन नावं होती, आणि दुसऱ्यापुढे कंसात लिहिलं होतं: पहिला गैरहजर असेल तर.