ऊन चढायच्या आत टनेल उघडा

थंडी पडली की भाजीवर कमानी रोवून प्लास्टिकचं टनेल चढतं आणि बहुतेकांना वाटतं, काम झालं. पण टनेलमध्ये मेलेली जी रोपं पाहण्यात येतात, त्यातली फारच थोडी थंडीने गेलेली असतात. बाकीची कोंडून जातात. बाहेर 20 अंश असले तरी स्वच्छ उन्हात बंद टनेलच्या आत 35 अंश बघता बघता होतात. रात्रभर साचलेली वाफ प्लास्टिकला आतून चिकटते, थेंब होऊन पानांवर टपकते. त्याच ओलीवर बुरशी पोसते.

मिरची-टोमॅटोच्या रोपाचा बुंधा मातीलगत बघा. तिथे तो पाणचट होऊन दोऱ्यासारखा बारीक झाला असेल, तर रोप वर हिरवं दिसलं तरी कोलमडणारच. अशी रोपं मातीसकट काढून लांब टाका आणि पाणी तोडा. उरलेल्यांच्या बुंध्याशी कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक 10 लिटर पाण्यात 25 ग्रॅम घेऊन आळवणी करा, म्हणजे ते पाणी मुळाशी ओता. पण टनेलची दोन्ही तोंडं बंदच राहिली, तर या औषधाचाही उपयोग नाही.

आत रोपाच्या उंचीवर, सावलीत थर्मामीटर टांगा. 25 अंश झाले की दोन्ही तोंडं उघडा. एकच उघडलं तर वारा खेळत नाही. 30 च्या पुढे गेलं तर बाजूही वर गुंडाळा. माझा अंदाज आणखी साधा आहे: आत डोकावल्यावर चष्म्याची काच धुरकटली, तर उघडायला उशीरच झालाय. आभाळ असलं तरी दुपारी तासभर तोंडं मोकळी ठेवाच. उलट अशाच दिवसांत ओल जास्त कोंडते. सूर्यास्ताच्या तासभर आधी बंद करा, म्हणजे दिवसाची ऊब मातीत राहते.

बाकीची कामं:
- गादीवाफा, खाली कुजलेलं शेणखत
- कमानी दीड-दोन मीटरवर
- प्लास्टिक अतिनील किरणांना टिकणारं, कडा मातीत दाबलेल्या
- बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी), किलोला 5 ग्रॅम
- पाणी सकाळीच, मुळाशी, वाफसा (माती ना चिखल ना कोरडी) पाहून
- दाटी झाली की विरळणी
- पिवळे चिकट सापळे

फुलगळ दिसली की दुकानात टॉनिकची बाटली पुढे केली जाते. घेऊ नका. दिवसा 35 च्या वर गेलं की टोमॅटोचा पराग निकामी होतो. तो कुठल्याही बाटलीने जिवंत होत नाही. काकडीचे नेहमीचे वाण, लाल भोपळा यांना तर मधमाशीच लागते, आणि बंद प्लास्टिकमधून ती आत येणार कशी? या वेलांना मादी फूल दिसू लागलं की सकाळी टनेल पूर्ण उघडा ठेवा. रात्रीची थंडी ओसरली असेल, तर प्लास्टिक काढूनच टाका. तोवर मधमाशी फिरकत नसेल, तर सकाळी लवकर नर फूल तोडून, पाकळ्या काढून, त्याचा पराग मादी फुलावर हाताने लावा.