प्रोफाइलच्या ग्रिडमध्ये जुन्या पोस्टवरील मजकूर कापला जात असल्यास

मी काही छोट्या व्यवसायांची समाजमाध्यमांवरील खाती सांभाळतो. जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामने प्रोफाइलवरील ग्रिडमधल्या (पोस्टच्या छोट्या चित्रांच्या जाळीतल्या) चौरस चौकटी बदलून ३:४ प्रमाणाच्या (रुंदी : उंची) उभ्या केल्या आणि जुन्या पोस्टवरील मजकूर दोन्ही कडांना कापला जाऊ लागला. एका पोस्टवर तर ‘सवलत’मधले ‘वल’ तेवढे उरले.

ॲप पुन्हा इन्स्टॉल करणे, कॅशे साफ करणे, तोच फोटो मोठ्या आकारात चढवणे यांत दोन दिवस वाया गेले आणि फार वैताग आला. दोष फाइलचा नव्हता, प्रमाणाचा होता: १०८० × १०८० च्या चौरसातील मधले ८१० पिक्सेलच त्या चौकटीत दिसतात, म्हणजे प्रत्येक बाजूचे १३५ जातात.

उपाय या क्रमाने केला. आधी डिझाइनचा मूळ साचा १०८० × १३५० केला. ग्रिडमध्ये त्याच्याही प्रत्येक बाजूचे सुमारे ३४ पिक्सेल कापले जातात, म्हणून दोन्हीकडे ६० पिक्सेलवर मार्गरेषा आखून सगळा मजकूर त्यांच्या आत घेतला. मग १०८० × १९२० च्या व्हिडिओ-मुखपृष्ठांवर वरचे व खालचे २४० पिक्सेल मोकळे सोडले. शेवटी जुन्या पोस्टपैकी ग्रिडमध्ये सर्वांत वर असलेल्या नऊच हाती घेतल्या आणि प्रत्येकीच्या तीन टिंबांच्या मेनूतून तिचे पूर्वदृश्य जुळवून घेतले. पोस्ट काढून पुन्हा टाकू नये, कारण तिच्यावरील ग्राहकांचे अभिप्राय नव्या पोस्टवर येत नाहीत आणि ते अभिप्राय हीच छोट्या व्यवसायाची खरी कमाई असते.