पोरगं गप्प गप्प झालंय? नागपुरात काउन्सेलिंगची सोय कशी करायची

दहावीचे क्लासेस सुरू झाले की आणि मग परत रिझल्टच्या आसपास, शाळेत काउन्सेलर म्हणून काम करताना मला एकच वाक्य वेगवेगळ्या आईबाबांकडून ऐकू येतं: मॅडम, तुम्ही जरा समजावून सांगा ना त्याला. काळजीनेच म्हणतात ते, पण समजावून सांगणारे तर पोराच्या आजूबाजूला आधीच भरपूर असतात, आई, बाबा, आज्जी, क्लासचे सर, पुण्यातला इंजिनिअर आत्येभाऊ. काउन्सेलिंगमध्ये त्याचं ऐकून घ्यायचं काम होतं, आणि तो पाऊण तास पोराचा असतो. मोठ्यांनी त्याला न लाजवता तिथवर न्यायचं आणि मग तो वेळ त्याचा त्याला राहू द्यायचा. हे कसं करायचं तेच लिहितेय, ९-१० वर्षांपासून १८ पर्यंतच्या मुलांसाठी.

आधी कळणार कसं? एखाद दिवस मूड नसणं, दार आपटणं, यावर काउन्सेलर शोधायची गरज नाही. दोन आठवडे झाले तरी बदल जात नाहीये आणि झोप, जेवण, शाळा, मित्र यातलं काहीतरी त्यामुळे बिघडतंय, तर मग थांबू नका. लहान मुलं, म्हणजे पाचवी सहावीतली, मला उदास वाटतं असं सहसा म्हणतच नाहीत, त्यांचं पोट दुखतं, तेही बरोबर ऑटो यायच्या वेळेला, रविवारी दुखत नाही, किंवा परत आईजवळ झोपायला लागतात, कधी अंथरूण ओलं होतं. मोठ्या मुलांमध्ये उदासी चिडचिड बनून बाहेर येते म्हणून ती उदासी आहे हे घरच्यांना कळतच नाही, उद्धट झालाय असं वाटतं. रोज ग्राउंडवर जाणारा पोरगा अचानक बॅटला हात लावत नाही, ग्रुप सोडतो, रात्री तीनपर्यंत जागा आणि सकाळच्या क्लासला उठवत नाही, हे बघा. आणि एक गोष्ट आपल्या नागपूरसाठी मुद्दाम सांगते, मे महिन्यात स्कूटीवर सगळ्याच पोरी स्कार्फ हातमोजे घालून असतात त्याचं काही नाही, पण घरात कूलरसमोर बसूनही पोरगी किंवा पोरगा बाही वर करत नसेल तर हातावर काही जखमा लपवतोय का हे शांतपणे, ओरडाआरडा न करता बघायला हवं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की १० ते १९ वयातल्या साधारण सात मुलांमागे एकाला मानसिक आजाराचा त्रास असतो. म्हणजे साठ पोरांच्या वर्गात आठेक जण. तेव्हा हे आपल्याच घरात कसं काय आलं हा प्रश्न मनातून काढून टाका.

काउन्सेलरकडे जायच्या आधी किंवा सोबतच नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ कमी जास्त असलं की पोर सुस्त आणि चिडकं होतं. आपल्या विदर्भात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) बराच आहे, त्या मुलांच्या वारंवार दुखण्याने शाळा बुडते, मैत्री तुटते, आणि मनाचा त्रास हा त्या दुखण्याचाच भाग असतो पण त्याच्याबद्दल कोणी विचारत नाही. तुमच्या घरी असं असेल तर तुम्हीच डॉक्टरांना सांगा की मनाचं पण बघायचंय. अभ्यासच करत नाही अशी तक्रार असेल तर कधीकधी मागे डिस्लेक्सिया (वाचण्या-लिहिण्यातली अडचण) किंवा एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) निघतो, त्याची तपासणी वेगळी असते आणि डिस्लेक्सियासारख्या त्रासाचं सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ आणि इतर सवलती मिळतात.

पोराला सांगायचं कसं

सगळ्यात जास्त गाडी इथे अडते. डोळ्याच्या डॉक्टरकडे चाललो असं सांगून कधीही नेऊ नका, दारावरचा बोर्ड वाचल्यावर त्याचा तुमच्यावरचा आणि आत बसलेल्या माणसावरचा, दोघांवरचाही विश्वास जातो. पाहुण्यांसमोर नको, मार्कांच्या भांडणात नको, धमकी म्हणून तर अजिबात नको, की असाच वागला तर नेतोच तुला डॉक्टरकडे. समोरासमोर बसवून बोलण्यापेक्षा गाडीवर, फुटाळा तलावाला चक्कर मारताना, भाजी निवडताना बोलणं सोपं जातं कारण डोळ्यात डोळे घालावे लागत नाहीत.

शब्द साधेच ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या एका आईने फार छान म्हटलं होतं, "बाळा, तू आजकाल बरोबर जेवून नाही राहिला, झोपून नाही राहिला, मले काळजी लागून राहिली. माझ्याशी बोललाच पाहिजे असं नाही, पण कोणाशी तरी बोल." बस, एवढंच. जे दिसतंय ते सांगितलं, आरोप केला नाही आणि स्वतःला पण बाजूला ठेवलं. याच्या उलट तुले काय कमी आहे, आमच्या वेळी असं नव्हतं, त्या शेजारच्याला बघ, ही वाक्यं आली की पोर दार लावून घेतं.

मग निवड त्याला करू द्या: मॅडम हव्या की सर, कोणत्या दिवशी, आई सोबत येईल की बाबा, आधी फोनवर बोलायचं का. नाही म्हणाला तर लगेच ओढून नेऊ नका (जीवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, ते खाली आहे), त्याच्याआधी तुम्हीच एकदा काउन्सेलरला भेटून या. बरेच काउन्सेलर आधी फक्त आईबाबांना भेटतात आणि घरी काय बदलायचं ते सांगतात, त्यानेही फरक पडतो आणि पोराला दिसतं की हे लोक स्वतः पण जाऊन राहिले.

जायचं कुठे, कोणाकडे

नागपुरात काउन्सेलिंगचे बोर्ड गल्लोगल्ली आहेत पण त्यातले कितीतरी ॲडमिशन आणि करिअरचे असतात, नीट बघून घ्या. मनाच्या त्रासासाठी तीन प्रकारची माणसं भेटतात. काउन्सेलर किंवा समुपदेशक बोलून मदत करतात, ताण, भांडणं, मैत्री, परीक्षेची भीती यासाठी पहिल्यांदा हेच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट टेस्ट आणि थेरपी करतात, त्यांची आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारायला लाजू नका. सायकॅट्रिस्ट हे एमबीबीएसनंतर मानसोपचार शिकलेले डॉक्टर, औषध फक्त तेच देतात. फोनवरच विचारा की या वयाच्या मुलांसोबत काम केलंय का, शिक्षण काय, फी किती, सेशन किती वेळाचं. जो पहिल्याच फोनवर चार सेशनमध्ये पोरगा एकदम बदलून देतो म्हणतो त्याच्याकडे जाऊ नका.

सुरुवात शाळेच्या काउन्सेलरपासून करता येते, फुकट आणि ओळखीचं. शाळेत कोणी नसेल किंवा पोराला शाळेत कळायला नको असेल तर मेडिकल आणि मेयो ही आपली दोन मोठी सरकारी रुग्णालयं, दोन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे, मिहानमधल्या एम्सला पण आहे. सकाळी लवकर जा, केसपेपर काढायला वेळ लागतो, जुने रिपोर्ट आणि पाण्याची बाटली सोबत असू द्या. छिंदवाडा रोडकडचं प्रादेशिक मनोरुग्णालय हे राज्यातल्या अशा चार सरकारी रुग्णालयांपैकी एक, तिथेही ओपीडी चालते, पण लोक अजून त्या चौकाला पागलखाना चौक म्हणतात म्हणून तिकडे पाऊल टाकायला घाबरतात आणि त्या नावापायी पोरांचे महिने वाया जातात याचं मला खरंच वाईट वाटतं. प्रायव्हेटमध्ये धंतोली रामदासपेठ भागात मानसोपचार डॉक्टर पुष्कळ आहेत.

आणि कुठेच जायचं नसेल, घरात कोणाला कळू द्यायचं नसेल, पैसे नसतील, तर टेलिमानस, नंबर १४४१६. सरकारचीच सेवा आहे, २०२२ पासून सुरू, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आईबाबा पण करू शकतात आणि पोरं स्वतः पण.

पहिलं सेशन

सहसा आधी आईबाबांशी थोडं बोलणं होतं आणि मग पोराशी एकट्याने. बाहेर बसायची तयारी ठेवा. गुप्ततेचे नियम पहिल्याच दिवशी तिघांनी मिळून समजून घ्या: पोर जे बोलेल ते आतच राहील, पण त्याच्या जीवाला धोका असेल, तो दुसऱ्या कोणाला इजा करणार असेल, किंवा कोणी त्याचं शोषण करत असेल तर काउन्सेलरला सांगावंच लागतं. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारकच आहे. हे पोरासमोर आधीच बोललं गेलं की नंतर त्याला फसवल्यासारखं वाटत नाही.

आता कठीण भाग. बाहेर आल्या आल्या काय विचारलं, तू काय सांगितलं, माझ्याबद्दल काही बोलला का, हे विचारायचं नाही. घरी गेल्यावर पण नाही आणि आज्जीमार्फत पण नाही. तर्री पोहे खा, उसाचा रस प्या, क्रिकेटवर बोला. त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल. कसं चाललंय हे जाणून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे पण ते काउन्सेलरला वेगळी वेळ घेऊन विचारा, तेही पोराला सांगून.

पहिली दोन तीन सेशन्स ओळखीतच जातात, लहान मुलं तर नुसती चित्रं काढतात, खेळतात, आणि बाबांना वाटतं पैसे पाण्यात चालले. तसं नसतं, त्या वयाचं पोर खेळातूनच बोलतं. मोठ्या मुलांसोबत मनात येणारा विचार, त्याने होणारी घालमेल आणि मग आपण काय करतो, हे सुटं सुटं करून बघतात आणि घरी करायला छोट्या गोष्टी देतात. तुम्हालाही होमवर्क मिळेल, ते करा. तीन चार वेळा जाऊनही पोराचं त्या माणसाशी जमलंच नाही तर काउन्सेलर बदला, त्यात कोणाचा अपमान नाही, काउन्सेलिंगच सोडून देऊ नका फक्त.

औषध सुचवलं तर घाबरून जाऊ नका. डिप्रेशनवर जी औषधं सहसा देतात त्यांचं व्यसन लागत नाही, पण असर यायला काही आठवडे जातात आणि मनाने बंद करायची नसतात. सुरुवातीच्या आठवड्यात पोर जास्तच अस्वस्थ वाटलं, मरणाचं बोलायला लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा, पुढच्या तारखेची वाट बघू नका.

जीवाचं बोलला तर

तुला कधी जगूच नये असं वाटतं का, हा प्रश्न थेट विचारा. विचारल्याने डोक्यात कल्पना घुसते हा गैरसमज आहे, उलट पोराला सुटल्यासारखं होतं की चला, कोणीतरी विचारलं. हो म्हणाला तर रडू नका, रागावू नका, प्रवचन नको. सांगितलंस ते बरं केलंस म्हणा, आणि मग त्याला एकटं सोडू नका. घरातल्या गोळ्या, उंदराचं औषध, धारदार वस्तू कुलपात. आपल्याकडे कितीतरी घरांची गावाला शेती असते आणि फवारणीचं औषध नागपूरच्या घरी गच्चीवर किंवा जिन्याखाली पडलेलं असतं, ते आजच घरातून हलवा, पोर हसतंखेळतं असलं तरी हलवा.

काही करून बसलं असेल तर १०८ ला ॲम्ब्युलन्स बोलवा किंवा सरळ मेडिकल, मेयो, जे जवळ असेल त्याच्या कॅज्युअल्टीत न्या, रात्री पण सुरू असते. विषारी काही पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, बाटली किंवा पाकीट सोबत घ्या. पोलीस केस होईल म्हणून लपवत बसू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ म्हणतं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती प्रचंड तणावाखाली होती असंच धरायचं आणि त्यासाठी तिला शिक्षा करायची नाही.

हे जर तू स्वतः वाचत असशील, म्हणजे आठवी नववीतला कोणी, तर तुझ्यासाठी. घरी सांगता येत नसेल तर १४४१६ लाव, किंवा चाइल्डलाइनचा १०९८, विशेषतः घरात किंवा क्लासमध्ये कोणी मारत असेल, नको तिथे हात लावत असेल तर. काय बोलू कळत नसेल तर एवढंच म्हण की मला बरं नाही वाटत आणि कसं सांगायचं ते माहीत नाही, पुढचं ते विचारतात. फोन जमत नसेल तर ज्या टीचर तुला बऱ्या वाटतात त्यांना चिठ्ठी लिहून दे. एका मोठ्या माणसाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांग, दुसऱ्याने नाही ऐकलं तर तिसऱ्याला.

घरच्यांसाठी अजून थोडंसं. नातेवाईकांना काय सांगायचं हे पोराला विचारून ठरवा, आम्ही डॉक्टरांकडे जातोय एवढं पुरतं. मोबाईल एकदम हिसकावून घेऊ नका, कधीकधी तो एक मित्र त्या फोनमध्येच असतो, रात्री सगळ्यांचे फोन हॉलमध्ये, बाबांचा पण, असा नियम चालतो. क्लास टीचरला भेटून मोघम नका बोलू, नेमकं मागा: दोन आठवडे वर्गात उभं करून प्रश्न विचारू नका, मधल्या सुट्टीत काउन्सेलरकडे जाऊ द्या. नीट-जेईई प्रवेश परीक्षेची बॅच असेल तर एखादा महिना टेस्ट सिरीज बंद ठेवायला क्लासवाल्यांशी तुम्ही बोला, पोराला बोलायला लावू नका.

आणि जरा हसायला लागला की सेशन बंद करायची घाई होते, त्यातही बोर्डाची परीक्षा जवळ आली की आता अभ्यास कर, ते काउन्सेलिंग मग बघू. उलट परीक्षेच्या दिवसांतच ते जास्त लागतं. बंद करायचं असेल तर काउन्सेलरशी बोलून आधी आठवड्याचं पंधरा दिवसांवर न्या, मग महिन्यावर, आणि रिझल्टच्या आठवड्यातली एक वेळ आत्ताच ठरवून ठेवा.