जादू चालते, पण कुणाच्या जिवावर?

माझ्या पहिल्या फँटसी कादंबरीचा खर्डा नवव्या प्रकरणात अडकला तो कायमचाच. नायिकेला सगळंच येत होतं. दार बंद असलं की ती उघडायची, कुणी जखमी झालं की नुसता हात फिरवायची. तिला अडवणार कोण? मग मी बंधनं घालत सुटले. रात्री जादू चालत नाही, लोखंडाजवळ चालत नाही. मैत्रिणीला वाचून दाखवलं तर तिनं तिथल्या तिथे पकडलं: "तुला अडचण हवी होती, म्हणून लोखंड आलं ना?"

त्याआधीचे आठ महिने मी वही भरण्यात घालवले होते. नकाशे, राजघराण्यांच्या वंशावळी, एक अख्खी लिपी, आकाशात दोन चंद्र. हा रोग नवख्यांना हमखास जडतो, कारण वही भरताना लिहिल्याचं समाधान मिळतं आणि लिहिताना फसण्याची भीती नसते. दोन चंद्र असलेल्या समुद्राला भरती-ओहोटी कशी येईल, हे मात्र माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

सुटका झाली ती एका दोरीमुळे. उत्तर युरोपातल्या खलाशांमध्ये पूर्वी अशी समजूत होती की दोरीत बांधलेला वारा विकत मिळतो. दोरीला तीन गाठी. पहिली सोडली की मंद वारा, दुसरी सोडली की जोराचा, आणि तिसरी सोडणाऱ्याचं काही खरं नाही. ओलाउस मॅग्नस या स्वीडिश धर्मगुरूनं १५५५ मध्ये छापलेल्या ग्रंथात हा व्यापार नोंदवून ठेवलाय. मी ते वाचलं आणि सवयीनं विचारायला लागले की या गाठींनी आणखी काय काय करता येईल. दोन दिवस त्यातून काहीच निघालं नाही. तिसऱ्या दिवशी प्रश्न उलटा केला: दोरीत अडकलेला वारा आला कुठून?

जिथे गाठ मारली तिथला वारा गेला, असं उत्तर मी ठरवलं. एवढं ठरल्यावर पुढचं फारसं रचावं लागलं नाही. गाठी विकणाऱ्या गावात पान हलत नाही. चुलींचा धूर छपरांवर साचून राहतो, पवनचक्की वर्षानुवर्षं उभीच. जगाला वारा विकणाऱ्या माणसांना स्वतःच्या होड्या मात्र वल्ही मारत न्याव्या लागतात. हे शेवटचं वाक्य वहीत उतरलं तेव्हा मला पहिल्यांदा कादंबरी दिसली.

जादूची किंमत असावी, हा सल्ला नवीन लेखकाला कुणीही देतं. मग तो रक्त, आठवणी नाहीतर आयुष्याची दहा वर्षं देऊन मोकळा होतो. मला यातला गुळगुळीतपणा खटकतो. नायक स्वतःच किंमत मोजतो आणि वर थोरही ठरतो. खऱ्या जगात किंमत बहुतेक वेळा तिसराच कुणीतरी मोजतो. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियम या किरणोत्सारी धातूचा रंग लावणाऱ्या मुली कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायच्या. त्यात धोका नाही, असं त्यांना सांगितलं जायचं. पुढे अनेकींची जबड्याची हाडं सडली, कित्येकजणी दगावल्या. अंधारात चमकणारे आकडे वापरणाऱ्यांना याचा पत्ताही नव्हता. माझ्या गावातल्या बायका गाठ दातांनी आवळतात आणि चाळिशीच्या आत त्यांना धाप लागू लागते, ते इथून आलं.

सत्तेचा धागा व्हेनिसनं दिला. आगीच्या भीतीनं १२९१ मध्ये तिथल्या काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या. कसब बाहेर जाऊ नये म्हणून कारागिरांना राज्य सोडून जायलाही बंदी होती. मान होता, पैसाही होता, पण पायात बेडी. जादू येणारी माणसं राज्य करतील असं आपण गृहीत धरतो. मला वाटतं त्यांना बहुधा कोंडूनच ठेवलं जाईल.

म्हणून सांगते, कल्पनेच्या शोधात फँटसी कादंबऱ्याच वाचत बसू नका, हाती उष्टंच लागेल. रंग, मीठ, काच, जहाजं यांचा इतिहास वाचा. मानववंशशास्त्रही वाचा. मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञानं पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर पाहिलं, की खाडीच्या शांत पाण्यात मासेमारी करताना लोक मंत्रतंत्राच्या वाटेला जात नाहीत. खुल्या समुद्रावर, जिथे जिवाची आणि मिळकतीची शाश्वती नाही, तिथे मात्र सगळे विधी यथासांग होतात. या एका निरीक्षणानं माझी अर्धी पात्रं गाठी वापरेनाशी झाली. किनाऱ्यालगत जाळं टाकणारा कोळी कशाला दोरी विकत घेईल?

शब्दांकडेही लक्ष असू द्या. जादू, किमया, चेटूक, करणी, सिद्धी हे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. सिद्धीमागे तप असतं, करणीमागे वैर. माझ्या कादंबरीत खलाशी नुसतं 'गाठ' म्हणतात, धर्मपीठाची माणसं त्यालाच 'करणी' म्हणतात. कोण कुठल्या बाजूचा, हे वेगळं सांगावंच लागलं नाही.

नियम वाचकाला कितपत सांगायचे? ज्या नियमावर शेवटी सुटका होणार आहे, तो आधी एखाद्या क्षुल्लक प्रसंगात दिसलाच पाहिजे. माझ्याकडे दुसऱ्या प्रकरणात एक पोरगं गंमत म्हणून पहिली गाठ सोडतं आणि वाळत घातलेले कपडे उडून जातात. बाकीचं वहीतच राहू द्या. वंशावळी आणि लिपी मी तशाच सोडून दिल्या. एक चंद्रही काढून टाकला.

तिसरी गाठ सुटल्यावर काय होतं, हे पुस्तकात कुठेच येत नाही. दोरी शेवटच्या प्रकरणापर्यंत खुंटीला टांगलेली आहे. नवा खर्डा वाचून झाल्यावर मैत्रिणीनं पहिला प्रश्न तिच्याबद्दलच विचारला.