भिंतीला ओल, खाली पाणी: कोकणातल्या घराच्या पायाभोवती या चुका टाळा

गणपती तोंडावर आले की घाईने रंग लावायचा आणि दिवाळीपर्यंत भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत पोपडे सुटायचे, हे कोकणात घरोघरी दिसतं. मग कुणीतरी आतून वॉटरप्रूफिंगचा लेप द्यायला सांगतं. पहिली चूक इथेच होते. जांभा सच्छिद्र आहे, तो खालून पाणी ओढतो. आतून वाट बंद केली की तीच ओल चिऱ्यातून आणखी वर चढते आणि लेप संपतो तिथे लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी भुकटी, फुटतो. आधी बाहेरचं पाणी पायापासून लांब न्या, भिंत एक उन्हाळा सुकू द्या आणि मगच रंगाचं बघा.

जुन्या घरांना पाइप नव्हते, पण हिशेब पक्का होता. जोतं उंच, कौलं भिंतीच्या बरीच पुढे आलेली, पागोळ्या पडतात त्या रेषेत दगड बसवलेला चर आणि तो चर सरळ व्हाळाकडे किंवा आगरात सोडलेला. आता स्लॅब आला, पडवी गेली. १००० चौरस फुटांच्या स्लॅबवर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण ९,३०० लिटर पाणी होतं, आणि जुलैत असे दिवस आपल्याला नवे नाहीत. एवढं पाणी दोन-तीन पाइपांनी उतरवून घराच्या कोपऱ्यावरच सोडलेलं असतं! ते बंद पाइपाने किंवा पक्क्या गटाराने पुढे न्यायलाच हवं.

अंगणाचंही तसंच. दर काही वर्षांनी भराव, त्यावर पेव्हर ब्लॉक, असं करत जोतं बुडत जातं. डीपीसीचा, म्हणजे जोत्यात ओल वर चढू न देणारा, थर जमिनीपासून किमान ६ इंच वर राहिला पाहिजे. तो मातीखाली गेला की असून नसल्यासारखा. मातीच्या अंगणाला पहिल्या १० फुटांत ६ इंच उतार बाहेरच्या बाजूला हवा, पेव्हर किंवा फरशीला अडीच इंचही पुरतात. गवंड्याला पैसे देण्याआधी बादलीभर पाणी ओतून बघा.

घर डोंगरउतारावर असेल तर एवढ्यावर भागत नाही. पाणी जांभ्यातून झिरपतं, खालच्या चिकण मातीवर अडतं आणि आडवं सरकत घराच्या वरच्या बाजूच्या भिंतीला येऊन भिडतं. तिथे जमिनीखालचा निचराच लागतो, म्हणजे चर खोदून त्यात पुरलेला पाइप. ही युक्ती मूळची शेतातली. १८३० च्या दशकात न्यू यॉर्क राज्यातल्या जॉन जॉन्स्टन या शेतकऱ्याने ओल्या शेतात भाजलेल्या मातीच्या नळ्या पुरल्या. पुढे तशाच नळ्या घरांच्या पायाभोवती आल्या, मग त्यांची जागा भोकांच्या प्लॅस्टिक पाइपाने घेतली, आणि भोवती खडी व पाणी सोडणारं पण माती अडवणारं जिओटेक्स्टाइल कापड आलं.

साहित्य बदललं, तरी बसवताना गफलती होतातच. भोकं वर ठेवतात, म्हणजे पाणी चांगलं आत पडेल! पण चरात पाणी तळापासून वर चढतं. भोकं खाली असली की ते लगेच पाइपात शिरतं. वर असली तर पाइप बुडेपर्यंत पाया पाण्यात बसतो. कापड वाचवण्याचा मोहही महागात पडतो. आपली तांबडी माती बारीक, ती खडीत शिरते आणि काही पावसाळ्यांतच चर गच्च होतो. म्हणून खडीसकट सगळा चर कापडात गुंडाळा. उतार १०० फुटांना १ फूट धरा आणि तो पाण्याच्या लेव्हल पाइपनेच तपासा, नजरेवर जाऊ नका. स्लॅबचं पाणी या पाइपात कधीही सोडू नका. आणि जुन्या चिऱ्याच्या पायालगत खोदताना पायाच्या तळाखाली जाऊ नका, भिंत खचेल. शंका असेल तर आधी इंजिनियरला दाखवा.

शोषखड्ड्यावर भरवसा ठेवताना एक लक्षात घ्या: ऐन पावसात जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, तेव्हा खड्डाच भरलेला असतो. पाइपाचं तोंड शक्यतो उतारावर मोकळं काढा, उंदीर-खेकडे शिरू नयेत म्हणून जाळी लावा. खाडीकाठी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचं पाणी उलटं आत येतं, तिथे एकाच बाजूला उघडणारं झाकण बसवा.

बिघाड शोधायचा तर मुसळधार पावसात छत्री घेऊन बाहेर पडा. भिंत ओली आणि पाइपाचं तोंड कोरडं असेल तर पाइप तुंबलाय किंवा उतार चुकलाय. दोन्हीकडे पाणी दिसत असेल तर स्लॅबचं पाणी कुठे जातंय ते बघा. आणि मे महिन्यातही तोंडातून धार लागत असेल तर नळाची लाइन आणि सेप्टिक टँक आधी तपासा.