हातानं पृथ्वी मोजायची तर आधी हात कुणाचा ते ठरवा

माटुंग्याला मोगऱ्याचा गजरा हातावर मोजून मिळतो, आणि आमची आई दर वेळी फुलांच्या आधी फुलवाल्या मावशींचा हात बघते, कारण हात आखूड असला की गेल्या चार-पाच कळ्या. परवा भाचीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी पृथ्वी, चंद्र वगैरे सगळं हात-वीत-अंगुळात मांडायचं होतं, तेव्हा मला पहिलं हेच आठवलं. आम्ही कसं केलं ते सांगतो.

पहिलं काम म्हणजे स्वतःचा हात मोजणं. कोपर टेबलावर टेकवा, बोटं सरळ ठेवा आणि कोपराच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत टेप लावा. शिंप्याची कापडी टेप चालेल पण वापरून वापरून ताणलेली नको. तीनदा मोजून सरासरी घ्या. माझा ४५ सेंटीमीटर भरला, भाचीचा ३६, म्हणून ठरवलं की हिशोब माझ्याच हातानं (ती अजून रुसलेली आहे).

आता पाढा. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे साधारण ११५० साली, दिलाय तो असा: जवाचे ८ दाणे शेजारी शेजारी ठेवले की १ अंगुळ, २४ अंगुळांचा हात, ४ हातांचा दंड, २००० दंडांचा क्रोश, ४ क्रोशांचं योजन. वीत म्हणजे अर्धा हात, १२ अंगुळं. कोळी लोक पाण्याची खोली सांगतात ती वाव म्हणजे दोन्ही हात पसरून होते तेवढी, साधारण ४ हात, म्हणजे दंडच झाला की. टीच सोडून द्या, ती आता मुंबईत फक्त खोलीचं वर्णन करायला उरलीय.

४५ सेंटीमीटरचा हात धरला तर क्रोश ८००० हातांचा, म्हणजे ३.६ किलोमीटर, आणि मरीन ड्राइव्ह साधारण तेवढंच आहे! त्यामुळे नरिमन पॉइंटपासून चौपाटीच्या पुढे वळणापर्यंत चाललात की एक क्रोश पायांनी कळला. योजन मग १४.४ किलोमीटर.

पुढे नुसता भागाकार. अंतर मीटरमध्ये घ्या, ०.४५ नं भागा. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर, म्हणजे जवळपास ८ कोटी ९० लाख हात. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर, ते झाले ८५ कोटी ४२ लाख हात. सूर्य १४ कोटी ९६ लाख किलोमीटर, तिथे आकडा ३३ हजार कोटी हातांच्या वर जातो आणि मोबाईलचा कॅल्क्युलेटर काहीतरी ई-बिई दाखवायला लागतो, तेव्हा सूर्य सरळ योजनांत लिहा, १ कोटी ४ लाखाच्या आसपास.

पण कॅल्क्युलेटरनं दिलेले सगळे आकडे वहीत उतरवू नका. हात ४५ ऐवजी ४६ निघाला तर पृथ्वीच्या घेरात १९ लाख हातांचा फरक पडतो, आणि एक सेंटीमीटर तर कोपर नीट टेकवलं नाही तरी चुकतो. दोन आकडे खरे, बाकी शून्यं. नाहीतर हातभर लाकूड दहा हात ढलपी.

व्हॉट्सॲपवर जे फिरतं ना, की जुन्या ग्रंथात पृथ्वीचा घेर किलोमीटरला किलोमीटर बरोबर दिलाय, ते तपासायचं असेल तर हाच पाढा वापरा. भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणीत पृथ्वीचा घेर ४९६७ योजनं दिलाय. लीलावतीचं योजन आणि माझा हात धरला तर होतात ७१ हजार किलोमीटरच्या वर, जवळजवळ पावणेदोनपट. मग लोक योजन ८ किलोमीटरचं धरतात, ३९,७३६ येतात, वा वा होते. अहो, उत्तर बघून माप ठरवलं तर काहीही जुळेल! आर्यभटानं व्यास १०५० योजनं दिलाय आणि भास्कराचार्यांनी १५८१ आणि वर थोडा, पृथ्वी तीच, म्हणजे दोघांचं योजन काही एक नव्हतं. मला विचाराल तर खरी कमाल दुसरीकडे आहे. भास्कराचार्यांच्या घेराला त्यांच्याच व्यासानं भागा, ३.१४१६ येतं, आणि हे कुणाच्याही हातानं मोजा, बदलत नाही.

म्हणून प्रोजेक्टला आम्ही शेवटी गुणोत्तरच घेतलं. पृथ्वी १ अंगुळाची. मग चंद्र तिच्यापासून ३० अंगुळांवर, म्हणजे सव्वा हात, घरातच मावला. सूर्य साडेचार हात व्यासाचा आणि ४८९ हात लांब, म्हणजे २२० मीटर, तो घरात कुठे मावायचा, म्हणून रविवारी सकाळी नरिमन पॉइंटला गेलो. कठड्याच्या टोकाला सूर्य मानला, २२० मीटरवर एक मणी धरून भाची उभी राहिली. मंगळ ३३५ मीटरवर, गुरू ११ अंगुळांचा आणि सव्वा किलोमीटरच्या जरा अलीकडे, शनी २१०० मीटरवर, इथपर्यंत मरीन ड्राइव्ह पुरला. युरेनस ४.२ किलोमीटरवर, म्हणजे चौपाटी ओलांडून मलबार हिलच्या बाजूला, तिथे पोचेपर्यंत ऊन चढलं होतं, आणि नेपच्यूनला अजून जवळपास अडीच किलोमीटर होते. नेपच्यूनला आम्ही टॅक्सीनं गेलो.